पडद्यावर हीटर ‘बंद’ होता, आत आमसुलं करपत होती: पीडब्ल्यूएमचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या एका गावात महिला बचत गटाचं आमसुलांचं छोटं युनिट आहे. गावाचं आणि गटाचं नाव इथे देत नाही. रातांबे (कोकमाची फळं) फोडून गर वेगळा काढायचा, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा रसात बुडवायची. अशी तीन-चार पुटं बसली की सोलं, म्हणजे आमसुलं, काळपट आणि मऊ होतात. हे सगळं उन्हाच्या भरवशावर चालतं. मे महिन्याच्या शेवटी वळवाची सर आली की अंगणातल्या ताडपत्र्या गोळा करायला सगळ्या जणी धावतात, आणि एकदा भिजलेल्या सोलांना बुरशी धरायला वेळ लागत नाही. मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत काम उरकावं म्हणून गटाने ट्रेचा ड्रायर घेतला. त्याचं नियंत्रण बसवायचं काम माझ्याकडे आलं. मी एम्बेडेड लिनक्सवर, म्हणजे यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकांवर, काम करतो आणि घर त्याच तालुक्यात आहे, म्हणून हे काम मी आवडीने घेतलं.

ड्रायरमध्ये 14 ट्रे, 3 किलोवॅटचा फिनवाला हीटर आणि 12 व्होल्टचे चार तारांचे सहा पंखे. मधे एक छोटा लिनक्स बोर्ड. हवा 55 अंशांवर ठेवायची, एवढंच त्याचं काम. पंखे आणि हीटर दोन्ही पीडब्ल्यूएमवर, म्हणजे सतत चालू-बंद होणाऱ्या सिग्नलवर. एका चालू-बंद फेरीचा वेळ म्हणजे पीरियड, त्यातला चालू भाग म्हणजे ड्यूटी. पण दोघांचा वेग अगदी वेगळा. चार तारांच्या पंख्याला 25 किलोहर्ट्झचा सिग्नल लागतो, म्हणजे 40,000 नॅनोसेकंदांचा पीरियड. हीटर सॉलिड स्टेट रिलेवर (इलेक्ट्रॉनिक स्विचवर) होता, आणि त्याला मी दोन सेकंदांचा पीरियड दिला होता: 40 टक्के ड्यूटी म्हणजे 0.8 सेकंद चालू, 1.2 सेकंद बंद. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेत दोन सेकंदांत 200 अर्धलहरी बसतात, तेव्हा अर्ध्या टक्क्यापर्यंत बारीक नियंत्रण मिळतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वेळ नॅनोसेकंदांत मोजतो, म्हणून हे दोन सेकंद तिथे दोनशे कोटी असे लिहावे लागतात. 2020 पर्यंत हे आकडे 32 बिटांचे होते आणि सव्वाचार सेकंदांच्या थोडं पुढे जाताच मर्यादा यायची. आता ते 64 बिटांचे आहेत. हीटरसारख्या संथ गोष्टींसाठी कर्नलचा पीडब्ल्यूएम वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, जुन्या कर्नलवर दहा सेकंदांची खिडकी मागितली तर मिळत नाही.

बोर्ड छोट्या बॅटरीवर होता. हीटर, पंखे आणि तापमानाचा सेन्सर घरच्या विजेवर. त्या वेळी ही विभागणी मला शहाणपणाची वाटली होती, कारण लाइट गेली तरी नोंदी चालू राहतात.

काय घडलं

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री पावणेदोनच्या सुमाराला वाऱ्यासह सर आली आणि लाइट गेली. ती तासाभराने आली. पहाटे साडेपाचला गटाच्या काकी कुलूप काढून आत गेल्या आणि त्यांना करपल्याचा वास आला. मी पोहोचलो तेव्हा दार उघडं होतं, पंखे जोरात फिरत होते आणि वरच्या चार ट्रेमधली सोलं हातात घेतली की खडखड वाजत होती. तिसरं पुट झालेला सुमारे 40 किलो माल गेला.

पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘अतितापमान. हीटर बंद.’

काकींनी पेटीच्या आत बोट दाखवलं. सॉलिड स्टेट रिलेवर मुगाच्या दाण्याएवढा लाल दिवा असतो. तो न लुकलुकता पेटलेला होता. “झिला, ह्यो पडदो बंद म्हणता, मगे ह्यो दिवो कित्याक पेटलो हा?”

या प्रकरणातला सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता, आणि तो विचारणारीने आयुष्यात कधी कर्नल हा शब्द ऐकलेला नव्हता.

तपास

पहिला संशय रिलेवरच गेला. सॉलिड स्टेट रिले बिघडला तर तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे कायमचा चालू राहतो. मी कुडाळहून नवा मागवायला फोनही केला. नंबर लागेपर्यंत, काहीतरी हाताला हवं म्हणून, रिलेची नियंत्रणाची तार उपसली. लाल दिवा विझला. हीटरचा प्रवाहही थांबला. म्हणजे रिले ठीक होता आणि कुणीतरी त्याला चालू राहायला सांगत होतं. तार न उपसता रिले बदलला असता तर नवा रिलेही त्याच रात्री तसाच पेटून राहिला असता.

मग मल्टिमीटर. बोर्डाच्या पायावर (हीटरला आज्ञा देणाऱ्या पिनवर) 0.0 व्होल्ट. मी जोडणीचा कागद पुन्हा पाहिला आणि तिथेच सगळं समजलं. रिलेच्या आधी मी एक तयार ऑप्टो मॉड्यूल (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा छोटा सुटा भाग) लावलं होतं, बाजारात सहज मिळतं ते, आणि ते शून्यावर चालू होणारं असतं. पाय वर गेला की हीटर बंद, पाय खाली आला की चालू. हे मला माहीत होतं. म्हणूनच पीडब्ल्यूएमची पोलॅरिटी, म्हणजे ‘चालू’ला पाय वर की खाली हे, मी उलटी ठेवली होती. उलट्या पोलॅरिटीत ड्यूटी शून्य दिली की पाय सतत वर राहतो आणि हीटर बंद. महिनाभर हे बिनचूक चाललं.

पण अतितापमानाच्या वेळी माझा प्रोग्राम ड्यूटी शून्य करत नव्हता. तो सिसफ्समधल्या (कर्नल आपल्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेतल्या) एनेबल या फाइलीत 0 लिहीत होता. मला वाटलं होतं, ड्यूटी शून्य करणं म्हणजे नळ मिटणं आणि एनेबल काढणं म्हणजे मुख्य कॉक बंद करणं. दुसरं जास्त पक्कं. या चिपमध्ये मात्र एनेबलचा बिट काढला की पोलॅरिटी काहीही असो, पाय शून्यावर जाऊन बसतो. आणि शून्य म्हणजे हीटर पूर्ण चालू.

कर्नलच्या पीडब्ल्यूएमच्या दस्तऐवजात हे स्वच्छ सांगितलेलं आहे: डिसेबल केलेल्या पीडब्ल्यूएमचा पाय कुठल्या पातळीवर राहील यावर वापरणाऱ्याने विसंबू नये. जमलं तर ड्रायव्हरने (चिप चालवणाऱ्या कर्नलच्या भागाने) निष्क्रिय पातळी द्यावी, पण काही हार्डवेअरला ते जमतच नाही. निष्क्रिय पातळी हमखास हवी असेल तर एनेबल चालू ठेवून ड्यूटी शून्य करावी. मी हे वाचलेलं होतं. पंख्याचा विचार करताना वाचलेलं, आणि पंख्याला त्याने काही फरक पडत नाही म्हणून पुढे गेलेलो. चार तारांच्या पंख्याची नियंत्रणाची तार मोकळी सुटली तर पंखा पूर्ण वेगाने फिरतो, त्याच्या मानकातच तसं आहे. तिथे नियंत्रण गमावणं म्हणजे थंडावा. हीटरच्या बाबतीत त्याचाच अर्थ आग असा होतो, हे मी वेगळं मांडून पाहिलं नव्हतं.

आता नोंदी. डीएस18बी20 हा सेन्सर वीज मिळाल्यावर पहिली मोजणी पूर्ण होईपर्यंत 85 अंश हा ठरलेला आकडा धरून बसतो. लाइट आली तेव्हा पुरवठा एकदोनदा डळमळला असावा आणि सेन्सर मोजणीच्या मधेच रीसेट झाला. नोंदीत अशा ओळी होत्या: लाइट जाण्याआधी 55.1, मग तासभर ‘सेन्सर नाही’, मग 85.0, पुढच्या मिनिटाला 41.3, मग 44, 49, 57, 66, आणि पहाटेपर्यंत चढत 94 वर स्थिर. तो एकटा 85.0 खोटा होता. पण माझी मर्यादा 75 होती. प्रोग्रामने तो आकडा खरा मानला, ‘अतितापमान’ जाहीर केलं आणि एनेबल काढलं. माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत सुटायचं नाही, असं कुलूपही मीच घातलेलं होतं, सुरक्षेसाठी. त्यानंतर हीटर पूर्ण जोराने तापत राहिला, आणि जितकं तापमान चढलं तितकी प्रोग्रामची खात्री वाढली की आपण हीटर बंद केला ते योग्यच केलं.

हीटरला 110 अंशांचा बायमेटल कटआउट (तेवढं तापल्यावर वीज तोडणारा स्विच) होता, म्हणून आग लागली नाही. 94 अंशांवर भिंतींतून जाणारी उष्णता आणि हीटरची उष्णता सारखी झाली आणि काटा तिथे थांबला. तो कटआउट वायरिंग वाचवायला लावलेला होता. माल वाचवण्याचा विचार त्यात नव्हता.

हे चाचणीत का सापडलं नाही

यावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे. बोर्ड मी कितीतरी वेळा बंद-चालू करून पाहिला होता आणि प्रत्येक वेळी हीटर थंड राहिला होता. कारण रीसेटनंतर ड्रायव्हर लोड होईपर्यंत पाय मोकळा असतो, इनपुटच्या रूपात. त्या ऑप्टो मॉड्यूलला चालू व्हायला पाय खाली ओढला जावा लागतो. मोकळा पाय त्याला ओढत नाही, म्हणून हीटर बंद. म्हणजे बोर्ड चालू होताना एक स्थिती आणि एनेबल काढल्यावर अगदी उलटी. पहिली तपासून मी दुसरीही तशीच असणार असं धरलं.

अतितापमानाची चाचणीही केली होती. सेन्सर गरम पाण्यात बुडवला, पडद्यावर ‘हीटर बंद’ आलं, समाधान झालं. त्या वेळी हीटरचा प्लग काढलेला होता, उगाच वीज कशाला जाळा म्हणून. लाल दिव्याकडे पाहिलंच नाही. पडद्यावरचं वाक्य प्रोग्रामने स्वतःच लिहिलेलं होतं. त्याने काय आज्ञा दिली एवढंच ते सांगत होतं, तारेवर काय झालं हे त्याला माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

पर्याय

हातात सीझनचे शेवटचे दोन-अडीच आठवडे होते, आणि ट्रेमध्ये घालायला रातांब्यांचे क्रेट रोज येत होते. चार रस्ते समोर होते.

एक, प्रोग्राममधली एक ओळ बदलायची: एनेबल न काढता ड्यूटी शून्य करायची. पाच मिनिटांचं काम. पण प्रोग्रामच अडकला, मेला, किंवा कर्नल गोठला तर काय, याला तिथे उत्तर नाही. पीडब्ल्यूएमचा ब्लॉक स्वतःच्या घड्याळावर चालतो. त्याला शेवटची आज्ञा मिळाली की प्रोसेसर जिवंत आहे की नाही हे तो विचारत नाही.

दोन, ड्रायव्हर सुधारायचा. 2016 पासून कर्नलमध्ये पीरियड, ड्यूटी, पोलॅरिटी आणि एनेबल हे सगळं एका स्थितीत बांधून एकदम लागू करता येतं. त्या लागू करण्याच्या फंक्शनमध्येच ‘पोलॅरिटी उलटी असेल आणि एनेबल काढायला सांगितलं तर ब्लॉक चालू ठेव, फक्त ड्यूटी शून्य कर’ एवढी भर घालायची. हा पॅच मी लिहिला. वीसेक ओळी झाल्या. चालला. तरी बसवला नाही. कारण कर्नल गोठणं किंवा रीसेट होणं या गोष्टी ड्रायव्हरच्या त्या फंक्शनमधून जातच नाहीत. शिवाय दोन वर्षांनी मी नसताना कुणी बोर्डावर नवा कर्नल टाकला तर पॅच गेलेला कुणाला कळणारही नाही, आणि हीटर पुन्हा तसाच वागेल. दुसऱ्या माणसाला न दिसणाऱ्या वीस ओळींवर माल सोडणं मला पटलं नाही.

तीन, तापमानाचं सगळं नियंत्रणच कर्नलमध्ये न्यायचं. पंख्यांसाठी पीडब्ल्यूएम-फॅन हा तयार ड्रायव्हर आहे आणि तो चांगला आहे. हीटरसाठी नवा लिहावा लागला असता. दोन आठवड्यांत नको.

चार, जोडणीच बदलायची. पाय शून्यावर असो, मोकळा असो, बोर्ड पेटीतून काढून नेलेला असो, हीटर बंदच राहिला पाहिजे. सोल्डरिंग करावं लागणार आणि ड्रायर एक दिवस थांबणार. गटातल्या एकीने सरळ विचारलं की एक दिवस थांबलो तर क्रेटमधली फळं कुजतील त्याचं काय. रास्त प्रश्न होता. शेवटी काकींनी ठरवलं: त्या दिवशीची रातांबी फोडून आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करायचं, सोलांचा नाद सोडायचा. तंत्राचा निर्णय मी घेतला, पण तो परवडवून दिला त्यांनी.

काय केलं

त्याच सकाळी पहिला पर्याय केला, निदान तेवढं तरी. दुसऱ्या दिवशी चौथा.

ऑप्टो मॉड्यूल काढलं. त्या जागी साधा एनपीएन ट्रान्झिस्टर, पाय वर गेला तरच रिलेला 12 व्होल्ट मिळतील असा. पायापासून जमिनीला 10 किलोओहमचा रोध, म्हणजे पाय मोकळा सुटला तरी खालीच ओढलेला राहतो. पोलॅरिटी सरळ केली.

इथे एक ठेच लागली ती सांगतो. मी डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत) हीटरच्या नोंदीवर पोलॅरिटीचा फ्लॅग बदलला आणि काम झालं असं समजलो. पण तो फ्लॅग पीडब्ल्यूएम वापरणाऱ्या कर्नलमधल्या ड्रायव्हरसाठी असतो. सिसफ्समधून एक्सपोर्ट केलेला चॅनल त्याची दखल घेत नाही. तिथे पोलॅरिटीच्या फाइलीत माझा जुना प्रोग्राम अजूनही ‘इन्व्हर्स्ड’ लिहीत होता. हीटरच्या जागी मी चाचणीसाठी 100 वॅटचा बल्ब लावला होता, म्हणून लगेच दिसलं: 30 टक्के मागितले की बल्ब बराच वेळ पेटलेला आणि थोडाच वेळ विझलेला. बल्ब नसता तर 30 मागून 70 मिळाले असते. प्रोग्राममधली ती ओळ काढायला गेलो तर चालू असलेल्या चॅनलची पोलॅरिटी कर्नल बदलू देत नाही, आधी डिसेबल करावं लागतं. नव्या जोडणीत आता ते बिनधोक होतं. क्रम असा बसवला: आधी पीरियड, मग पोलॅरिटी, मग ड्यूटी शून्य, मग एनेबल. ड्यूटी पीरियडपेक्षा मोठी असेल तर कर्नल ती नाकारतो, म्हणून पीरियड पहिला.

हीटरच्या वाटेत 70 अंशांचा स्वतंत्र थर्मोस्टॅट घातला. त्याला ना बोर्ड माहीत, ना लिनक्स.

त्यानंतरच वॉचडॉग चालू केला, 15 सेकंदांचा: तेवढ्या वेळात प्रोग्रामची थाप मिळाली नाही तर तो बोर्ड रीसेट करतो. हा क्रम जाणूनबुजून होता. आधीच्या चाचण्यांत रीसेटनंतर हीटर थंड राहिला होता तो मोकळ्या पायाच्या भरवशावर, कुणी तसं ठरवून जोडलं होतं म्हणून नव्हे. रीसेटनंतरची पातळी पक्की झाल्यावरच रीसेट करणाऱ्या यंत्रणेला अर्थ आला. आणि वॉचडॉगला थाप देण्याची अट नुसता प्रोग्राम फिरतोय अशी ठेवली नाही. गेल्या दहा सेकंदांत सेन्सरचं खरं वाचन आलं असेल तरच थाप. नेमकं 85.0 आलं तर ते टाकून द्यायचं आणि दुसरं वाचन मागायचं.

संध्याकाळी बल्ब लावूनच कर्नल मुद्दाम पाडला. सिसआरक्यू या कर्नलच्या आणीबाणीच्या आज्ञांमधून तसं करता येतं. पडदा गोठला, कीबोर्ड मेला, आणि बल्ब मात्र 0.8 सेकंद चालू, 1.2 सेकंद बंद असा शांतपणे लुकलुकत राहिला. खोलीत आम्ही तिघं होतो, कुणी काही बोललं नाही. मेलेल्या यंत्राचा हात हलावा तसं ते दिसत होतं. मी मनात आकडे मोजत होतो. चौदाच्या पुढे गेलो आणि बल्ब विझला, बोर्ड पुन्हा उठायला लागला, ड्रायव्हर येईपर्यंत बल्ब विझलेलाच राहिला.

परिणाम

पुढच्या अडीच आठवड्यांत लाइट कितीदा तरी गेली. खोटा 85.0 नोंदीत आणखी दोनदा आला आणि दोन्ही वेळा टाकला गेला. एकदा वरच्या कोपऱ्यातल्या थर्मोस्टॅटने वीज तोडली, कारण ट्रे दाटीने भरले होते आणि तिथे हवा पोहोचत नव्हती. हीटर थांबला, माल राहिला. मिरगाच्या दोन दिवस आधी शेवटची सोलं बरणीत गेली. करपलेल्या 40 किलोंची भरपाई मात्र झाली नाही. त्यातला माझ्या मजुरीएवढा भाग मी सोडून दिला, बाकीचा गटाने सोसला.

काकींनी स्वतःची एक चाचणी सुरू केली, मला न विचारता. रोज ट्रे भरण्याआधी त्या सेन्सरची पिन काढतात आणि पडद्याकडे न बघता पेटीतल्या लाल दिव्याकडे बघत उभ्या राहतात. विझला की पिन परत लावतात. माझ्या तपासणीच्या यादीत हे नव्हतं. आता पहिलं आहे.

पुन्हा करायचं झालं तर

जोडणीचा कागद काढताना प्रत्येक पायापुढे तीन रकाने ठेवीन: रीसेटमध्ये काय, डिसेबलमध्ये काय, तार तुटली तर काय. हीटरच्या ओळीत हे तीन रकाने भरायला बसलो असतो तर दुसऱ्या रकान्यात अडलो असतो.

‘बंद करणं’ प्रोग्राममध्ये एकाच ठिकाणी लिहीन. सेन्सर नसताना मी ड्यूटी शून्य करत होतो आणि अतितापमानाला एनेबल काढत होतो. एकाच माणसाने, एकाच आठवड्यात, एकाच हेतूने लिहिलेले दोन मार्ग, आणि त्यांतला एक उलटा.

सेन्सरला बॅटरीवर घेईन. बोर्ड जागा आणि सेन्सर झोपलेला, ही विभागणी चुकीची होती.

ड्रायव्हरच्या पॅचबद्दल अजून मन पूर्ण ठरलेलं नाही. तो या ड्रायरवर बसवला नाही हे बरोबरच होतं. पण मूळ कर्नलमध्ये गेला तर त्या चिपवर काम करणाऱ्या पुढच्या माणसाची एक रात्र वाचेल. या पावसाळ्यात तो नीट करून पाठवणार आहे. दस्तऐवज म्हणतो की विसंबू नका, ते खरंच आहे, पण जिथे निष्क्रिय पातळी देणं सोपं आहे तिथे ड्रायव्हरने ती द्यावी असंही तोच म्हणतो.

आणि पडद्यावरचा ‘हीटर बंद’ हा शब्द काढायचा आहे. हीटरच्या तारेवर प्रवाह मोजणारी छोटी क्लॅम्प कॉइल आणून ठेवली आहे. ती बसली की पडद्यावर दोन ओळी येतील, वर ‘सांगितलं: बंद’ आणि खाली ‘प्रवाह: नाही’. दोन्ही जुळल्या नाहीत तर भोंगा वाजेल. मार्चमध्ये पहिली रातांबी पिकायच्या आत ती बसवून द्यायची आहे, तसा शब्द काकींना दिला आहे.